आमदारांना कागद द्या, व्हिडिओ नको

(आलेलं पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आमदारांचं नाव आणि पक्षही. वाचकांनी अंदाज बांधत बसू नये.)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. राहते नाशिकला, इंदिरानगरात. रोज जाऊन-येऊन करते. गेल्या पावसाळ्यात माझ्या तिसरीतल्या एका मुलाला भाताच्या खाचरात पायाला साप चावला. जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते आणि सापाचं इंजेक्शनही नव्हतं. तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून १०८ नं नाशिकला. पोरगा वाचला, पण पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या एका आमदारांनी अधिवेशनात आदिवासी तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांवरून सरकारला चांगलंच धारेवर धरलं. आरोग्य हक्काचं अशासकीय विधेयकही मांडलं आहे. ते ना माझ्या शाळेच्या मतदारसंघातले, ना घराच्या. तरी मी त्यांना पत्र लिहिलं. लगेच त्यांच्या कार्यालयातून फोन आला. आता त्यांना माझा आणि त्या मुलाचा एक व्हिडिओ हवा आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं आरोग्य शिबिर आहे, त्यासाठी 'तुमच्याकडून फूल ना फुलाची पाकळी' मागितली आहे. आणि स्वीय सहायक जाता जाता म्हणाले, "मॅडम, रोज एवढा घाट चढता-उतरता. बदलीचं बघू की आपण."

माझ्या यजमानांचं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. ते म्हणतात, "हे विधेयक आलं तर पहिलं शटर आपलं पडेल." सासरे दुसऱ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते, त्यांना या आमदारांचं नाव काढलेलंही खपत नाही. मला मात्र या माणसाला मनापासून पाठिंबा द्यायचा आहे. काय करू? नोकरीला धक्का लागेल का? घरात कसं सांगू?

(एक शिक्षिका, नाशिक)

प्रिय बाई,

पाड्यावरची पोरं तुम्हाला 'बाई'च म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते.

व्हिडिओचं आधी उरकू, कारण त्यांचा फोन एक-दोन दिवसांत पुन्हा येईल. नाही म्हणा. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहेच, पण त्याहून आधी त्या पोराचा आहे. त्याचे आईवडील हो म्हणतील, पण ते तुमच्या शब्दाखातर. पोराच्या दुखण्यात ज्या बाई अशा धावपळ करतात, त्यांना नाही कोण म्हणणार? असल्या होकाराला मी परवानगी धरत नाही. तो व्हिडिओ पोरगा दहावीला जाईल तेव्हाही कुणाच्या तरी मोबाइलवर फिरत असेल, आणि त्यात तो 'बोटं गेलेला मुलगा' असेल. शिवाय आमदारांना सभागृहात प्रश्न मांडायला व्हिडिओ लागत नाही. तो लागतो सभागृहाबाहेर.

आता नोकरीचं. तुम्हाला महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. राजकीय पक्षाचं सभासद व्हायचं नाही, राजकीय चळवळीत भाग घ्यायचा नाही, तिला पैसे द्यायचे नाहीत, निवडणुकीत कुणाचा प्रचार करायचा नाही. मत द्यायचं, पण कुणाला देणार ते मिरवायचं नाही. सरकारी धोरणावर जाहीर टीका करणंही अंगाशी येऊ शकतं. मागे पक्षाचं चिन्ह, शेजारी आमदार आणि समोर कॅमेऱ्यात 'सरकारनं आमच्या पाड्याकडे दुर्लक्ष केलं' म्हणणाऱ्या तुम्ही, असं चित्र निघालं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना नोटीस काढायला वेगळं कारण शोधावं लागणार नाही. मी घाबरवत नाहीये, हद्द कुठे आहे ते दाखवते आहे. त्या हद्दीच्या आत करण्यासारखं पुष्कळ आहे, त्याकडे येतेच.

वर्गणीचंही याच नियमात उत्तर आलं. शिबिराच्या फलकावर पक्षाच्या नेत्यांचे फोटो असणार, नाशिकच्या द्वारका चौकात कमान लागणार, तेव्हा 'ही राजकीय मदत नव्हे' हे तुम्ही कुणाला पटवणार? डॉक्टरसाहेबांना द्यायची असेल तर ती त्यांची मर्जी. बँकेतून द्यावी, पावती घ्यावी, रोख देऊ नये. प्राप्तिकराची सवलत नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर मिळते, आमदाराच्या शिबिराला दिलेल्या पाकिटावर नाही. आणि माझं खासगी मत विचाराल तर शिबिरांचं मला कौतुक राहिलेलं नाही. चष्मे वाटतात, रक्तदाब मोजतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दाराला पुन्हा कुलूप.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडखळले, ते बदलीचं. तुम्ही ते ओझरतं लिहिलं आहे. बहुतेक तो माणूसही सहजच म्हणाला असेल, कारण आमदारांच्या कार्यालयात येणाऱ्या दहांतल्या पाचांचं काम तेच असतं. पण जरा बघा. नोकरीच्या बाबतीत राजकीय वजन वापरणं हेही वर्तणूक नियमांत बसत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आता ऑनलाइन होतात, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र असे याद्यांचे नियम आहेत. तरीही मध्येच कुठे 'बघू' शिरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि आता तुमच्या पाड्याजवळचं ते आरोग्य केंद्र आठवा. तिथे डॉक्टर का नव्हता? पद रिक्त असेल, किंवा पद भरलेलं असेल आणि डॉक्टर 'प्रतिनियुक्ती'वर शहरात असेल. कागदावर पेठला, प्रत्यक्षात नाशिकला. त्यालाही एकदा कुणीतरी म्हणालं असेल, 'साहेब, रोज एवढा घाट चढता-उतरता...' आदिवासी तालुक्यांतली केंद्रं निधीअभावी ओस पडतात तशीच अशा चिठ्ठ्यांनीही पडतात. ज्या माणसाकडून आपण ही पद्धत मोडायची अपेक्षा करतो, त्याच्याकडून तिचाच लाभ घ्यायचा, हे तुम्हाला जमणार नाही असं पत्रावरून वाटतं. म्हणून फोनवर स्पष्ट सांगा: "बदलीचा विषय नको. त्यावर माझ्यासाठी कुणालाही काही बोलू नका." तुम्ही गप्प राहिलात तर तो स्वीय सहायक उत्साहानं कुठेतरी शब्द टाकून मोकळा होईल, आणि मग तुम्ही नको म्हणालात तरी लोक म्हणतील, 'बाईंनी पत्र बदलीसाठीच लिहिलं होतं.'

रोजचा प्रवास जड होत असेल, तर बदलीचा अर्ज तुमच्या क्रमानं, तुमच्या पोर्टलवर करा. त्यात काही गैर नाही. दोन्ही गोष्टी एका ताटात वाढून घेऊ नका, एवढंच.

मग पाठिंबा द्यायचा कसा? त्यासाठी आमदाराच्या हातात नेमकं काय असतं ते पाहायला हवं. विधानसभेत २८८ सदस्य. वर्षाला तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. मंत्री नसलेल्या आमदाराला खातं चालवता येत नाही, डॉक्टर नेमता येत नाही. त्याला विचारता येतं. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणं), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्या निमित्तानं जाब विचारणं). आणि मतदारसंघ कुठलाही असला तरी राज्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्राबद्दल विचारता येतं, त्यामुळे हे आमदार 'तुमचे' नाहीत याची खंत नको.

पण विचारण्यातही मेख आहे. विधिमंडळातले छापील प्रश्न कधी वाचलेत? ठरलेला साचा असतो. 'अमुक केंद्रात सर्पदंशावरील लस उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' मग, 'असल्यास, चौकशी केली आहे काय?' मग, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि खात्याचं आवडतं उत्तर: 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. आमदार कितीही तळमळीचा असो, त्याच्या हातात तारीख आणि कागद नसेल तर हे उत्तर खाऊन गप्प बसावं लागतं. कागद असेल तर तेच उत्तर 'हे अंशतः खरे आहे' असं होतं, आणि या 'अंशतः'मधून पुढची चौकशी निघते. उपप्रश्न विचारायला तोंड उघडतं, मंत्र्याला उभं राहून आश्वासन द्यावं लागतं.

म्हणजे आमदारांना तुमच्याकडून काय हवं आहे, ते त्यांच्या कार्यालयालाही धड कळलेलं नाही. त्यांना हवेत चार कागद.

पहिला, त्या दिवसाचा हिशेब. केस पेपरवरची वेळ, रेफर केल्याची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड. हे कागद आईवडिलांचे आहेत, ते देतील तर त्यांनी द्यावेत. नाव झाकून झेरॉक्स दिली तरी चालते. साप चावला किती वाजता आणि पहिलं इंजेक्शन टोचलं किती वाजता, यातलं अंतर एका ओळीत लिहिता आलं, तर त्या एका ओळीत व्हिडिओपेक्षा जास्त ताकद आहे.

पुढचे दोन माहितीच्या अधिकारातून मिळतात. अर्ज १५० शब्दांच्या आत, एका विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्कही नाही. तो तुम्हीच करायला हवा असं नाही. मुलाचा बाप करू शकतो, सरपंच करू शकतात. तुम्ही मसुदा लिहून द्या. अर्ज लिहायला मदत करणं म्हणजे प्रचार नव्हे. विचारायचं असं: जून ते सप्टेंबर या काळात त्या केंद्रात सर्पदंशाच्या लसीचा साठा कुठल्या तारखेला किती होता, 'ई-औषधी' प्रणालीतल्या नोंदीच्या प्रतीसह. साठा पावडरचा होता की द्रवरूप, हेही विचारा. पावडरची लस शीतकपाटाबाहेरही टिकते, द्रवरूप लसीला थंडावा लागतो, म्हणजे 'वीज नव्हती' हे कारण किती खरं ते तिथेच उघडं पडतं. दुसऱ्या अर्जात: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, आणि भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर कोणत्या पदावरचं कोण, कधीपासून, कुणाच्या आदेशानं. हा शेवटचा प्रश्न गाळू नका. बहुतेक जण रिक्त पदांवर थांबतात आणि खरी गंमत त्यापुढच्या रकान्यात असते.

चौथा कागद माझ्या मते सगळ्यांत वजनदार, तो म्हणजे ग्रामसभेचा ठराव. पेठ हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्यानं सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा-पंचायतीच्या पातळीवर मानला आहे. आरोग्य केंद्र त्यात येतं. (शाळाही येते बरं का, तेव्हा ठराव लिहिताना कुणी तुमच्याकडे मिश्कीलपणे बघितलं तर बघू द्या.) 'पावसाळ्याचे चार महिने केंद्रात डॉक्टर मुक्कामी असावा, लसीचा किमान साठा फलकावर लिहावा' असा ठराव गावानं केला, तर तो गावाचा आवाज झाला. बाईंचाही नव्हे आणि पक्षाचाही नव्हे. तुम्ही बैठकीत पुढाकार घेऊ नका, मागे बसा. गावाला हे नवीन नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून मुंबईला निघालेल्या किसान मोर्चात याच डोंगरपट्ट्यातली माणसं पायाला फोड येईस्तोवर चालली होती आणि सरकारचं लेखी आश्वासन हातात घेऊनच परतली. लेखी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

ठरावाची प्रत या आमदारांना तर द्याच, पण शाळा ज्या मतदारसंघात येते तिथल्या आमदारांनाही गावानं द्यावी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. लक्षवेधीवर एकापेक्षा जास्त सदस्यांची नावं येतात. विरोधी बाकावरच्या आणि सत्तेतल्या, दोघांच्या सह्या एका सूचनेखाली पडल्या तर खात्याला ती 'राजकारण' म्हणून झटकता येत नाही. तुमच्या लाडक्या आमदारांच्या कार्यालयाला हे कदाचित रुचणार नाही, त्यांना श्रेय एकट्याला हवं असेल. त्यांना ते मिळालं काय न मिळालं काय, त्याची काळजी तुम्ही करू नका. उलट दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला बरोबर घ्यायची त्यांची तयारी आहे का, यावरून त्यांची तळमळ कितपत खरी ते तुम्हाला कळेल.

आता विधेयक. इथे मी तुम्हाला थोडी नाराज करणार. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक. ते मंजूर होण्याची आशा धरू नका. संसदेचंच उदाहरण घ्या: आजवर दोन्ही सभागृहांत मिळून १४ अशासकीय विधेयकं कायदा झाली आणि १९७० नंतर एकही नाही. त्यात राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७ नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते पुढे सरकत नाही, म्हणजे चावी पुन्हा सरकारकडेच. अशी विधेयकं व्यर्थ असतात असं नाही. विषय पटलावर येतो, चर्चा होते, कधी सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागतं. पण 'विधेयक मांडलं' या बातमीवर भाळून जाऊ नका.

आणि खरं सांगू? तुमच्या तिसरीतल्या पोराला त्या दिवशी हक्काच्या कायद्यानं किती उपयोग झाला असता, याबद्दल मला शंका आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं आहे. पेठमध्ये उपचार 'महाग' नव्हते, ते तिथे नव्हतेच. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं हा निकष जुना आहे. इमारत उभी राहते, माणूस राहत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०१७ साली राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत अर्थसंकल्पातला ८ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्या. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. म्हणून आमदारांना पुढच्या पत्रात विधेयकाबद्दल अभिनंदन करून झालं की विचारा: अर्थसंकल्पीय अधिवेशनात आरोग्य खात्याच्या मागण्यांवर आपण कपात सूचना दिली का? आदिवासी तालुक्यांतल्या प्रतिनियुक्त्या रद्द करण्याबद्दल प्रश्न टाकला का? याला टाळ्या मिळत नाहीत आणि त्याची बातमीही होत नाही. ही रटाळ कामं करणारा आमदार तुम्हाला सापडला असेल, तर त्याला जपा.

डॉक्टरसाहेबांकडे येते. तुमच्या पत्रात ते आडमुठे वाटतात, पण त्यांची भीती हवेतली नाही. राजस्थाननं २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्काचा कायदा केला, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. तातडीचा उपचार आधी पैसे न घेता करावा लागेल म्हणून खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद राहिले, आणि ४ एप्रिलला सरकारनं त्यांच्याशी समझोता केला. त्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर ठेवायचं कबूल झालं. तुमच्या यजमानांच्या बारा खाटा त्या हिशेबात कुठे बसतात ते त्यांना दाखवा. पुढे तिथे कायदा होऊनही त्याचे नियम रखडले, आणि नियमांवाचून कायदा म्हणजे शोभेचा कागद.

त्यांना हेही आठवण करून द्या की तातडीच्या रुग्णाला तपासण्याचं, वाचवण्याचं बंधन त्यांच्यावर आजही आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं ते कर्तव्य आहे. आपल्याकडच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. (नर्सिंग होममध्ये ते लावलेलं आहे ना? एकदा बघून घ्या, वादात तेच पहिलं निघेल.) म्हणजे विधेयकानं कर्तव्य नवीन येत नाही. न सुटलेला प्रश्न एवढाच की त्या उपचाराचं बिल कोण देणार, आणि किती दिवसांत. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची दर कमी असल्याची आणि पैसे उशिरा येत असल्याची तक्रार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना डॉक्टरसाहेबांची धाकधूक कळेल.

तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना कामाला लावा. विधेयकाची प्रत मिळवा आणि म्हणा, "कुठल्या कलमानं आपलं शटर पडेल ते लिहून द्या." तातडीचा उपचार म्हणजे नक्की काय, रुग्ण स्थिर करून पुढे पाठवला तर जबाबदारी कुठे संपते, भरपाई किती दिवसांत, उशीर झाला तर व्याज कोण देणार, तक्रार आली तर निवाडा करणाऱ्या समितीत डॉक्टर किती. दोन पानं होतील. ती त्यांच्या सहीनं आमदारांना जाऊ द्या. ते सरकारी नोकर नाहीत, त्यांच्या हाताला नियम बांधलेले नाहीत. स्तुती करणारी पत्रं त्या कार्यालयात ढिगानं येतात. लहान रुग्णालय चालवणाऱ्या माणसानं कलमवार काढलेल्या चुका फार थोड्या येतात, आणि विधेयक टिकायचं असेल तर त्यांचाच उपयोग होतो. आमदारांनी ती पानं वाचून एखादं कलम बदललं तर डॉक्टरसाहेबही थोडे निवळतील. नाही वाचली, तर निदान तुम्हाला कळेल.

सासऱ्यांचं मनावर घेऊ नका. जुन्या कार्यकर्त्याला मनवायचं नसतं, त्याला काम सांगायचं असतं. त्यांच्या पक्षाचा आमदार असेल ना कुठेतरी? लक्षवेधीवर त्याची सही आणून द्यायला सांगा. इतकी वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसाचा एवढा शब्द नक्की चालतो. चहाच्या वेळी बोला, बातम्या लागायच्या आत.

एक गोष्ट मात्र धरून ठेवा: पाठपुरावा. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. सगळ्या राज्याचे डोळे नाशिककडे लागले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीनं काय सुचवलं आणि त्यातलं किती झालं, हे आज किती नाशिककर सांगू शकतील? संताप करायला आपण सगळे असतो, सहा महिन्यांनी विचारायला कुणी नसतं. आता सिंहस्थ तोंडावर आहे, २०२७ पर्यंत मंत्र्यांचे दौरे, घाट, रस्ते यांतून आरोग्य केंद्राकडे बघायला कुणाला फुरसत मिळेल असं दिसत नाही. विधिमंडळात मंत्री जे आश्वासन देतात, त्याची नोंद होते आणि आश्वासन समिती त्याचा मागोवा घेते. तुमच्या आमदारांना जे उत्तर मिळेल त्याची छापील प्रत मागून घ्या, तारीख घाला, फाइलला लावा. पुढच्या अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी गावाकडून एक पत्र जाऊ द्या: अमुक तारखेला मंत्र्यांनी असं सांगितलं होतं, आज केंद्रात स्थिती अशी आहे. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून उशीर नको. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेलं पत्र फक्त टपाल वाढवतं.

आणि कधी या आमदारांनी पक्षाचा आदेश आला म्हणून याच विषयावर तोंड मिटून घेतलं तर? होऊ शकतं. पक्षादेश मोडून मतदान केलं तर पक्षांतरबंदी कायद्यात आमदारकी जाऊ शकते. पण हा पक्षादेश (व्हीप) मतदानाला असतो, प्रश्न विचारायला नसतो. मतदानात ते पक्षाबरोबर गेले तर समजून घ्या. प्रश्न विचारणंच थांबवलं तर तुमचे कागद दुसऱ्या आमदाराकडे न्या. कागद गावाचे आहेत, जाताना कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी एक काम, ज्याला आमदार लागत नाहीत आणि ज्यात तुमची नोकरी आड न येता उलट उपयोगी पडते. शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. या मुलाचा पाठवला होता का? पत्रात काही उल्लेख नाही. तो निकषात बसतो की नाही ते गटशिक्षण कार्यालयात उद्याच विचारा, आणि नाही म्हणाले तर ते लेखी मागा. बोटं गेल्याचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या, पुढे कुठल्याही सवलतीला तेच लागेल. पेठहून त्या बापाला एकट्याला त्र्यंबक रोडवरच्या त्या गर्दीत पाठवू नका. कुठली खिडकी, कुठला दिवस हे आधी डॉक्टरसाहेबांना फोन करून विचारायला लावा. त्यांच्या ओळखीचं कुणीतरी तिथे नक्की असेल.